मालकीच्या यंत्रातील सॉफ्टवेअर बदलण्याचा हक्क : प्रस्तावना

विकत घेतलेल्या यंत्रातले सॉफ्टवेअर बदलण्याचा हक्क भारतीय कायद्याने मालकाला दिलेला आहे. तो मर्यादित आहे, त्याच्या कडा धूसर आहेत आणि त्याची माहिती फार थोड्यांना आहे. तरीही कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या ५२व्या कलमात तो सरळ शब्दांत छापलेला आहे. फोन, वायफायचा राउटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, मोटार, ट्रॅक्टर, कारखान्यातले सीएनसी यंत्र या सगळ्यांच्या पोटात आज एक लहानसा संगणक बसलेला असतो. यंत्राचे लोखंड, तांबे आणि काच पैसे मोजणाऱ्याच्या मालकीची होतात, याबद्दल कोणाला शंका नसते. त्या संगणकाला काय करायचे ते सांगणाऱ्या आज्ञांवर मालकाचा ताबा किती, हा मात्र वादाचा प्रश्न आहे आणि तोच या विषयाचा गाभा आहे.

हा प्रश्न व्यवहारात कसा दिसतो हे समजून घ्यायला मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचा, कल्याणच्या पुढचा पट्टा सोयीचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे इथे एकमेकांना जवळजवळ चिकटून वाढली आहेत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले, आणि तिथल्या वस्त्या आजही कॅम्प नंबर एक, दोन, तीन अशाच ओळखल्या जातात. मोडलेली वस्तू टाकून न देता चालती करायची, ही या गावच्या बाजारपेठेची जुनी सवय. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान कारखाने आहेत आणि आसपासच्या गावांत भातशेती. फोन, कातकामाचे यंत्र आणि ट्रॅक्टर अशी तीन वेगळी यंत्रे इथे एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात, आणि कायदा त्या तिन्हींना सारखे वागवत नाही.

मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा रोजचा शब्द आहे. चालू करताना फोन कंपनीच्या बोधचिन्हावरच अडकला, सारखा बंद पडून पुन्हा चालू होऊ लागला, की कारागीर तो संगणकाला जोडतो, आतली प्रणाली पुसतो आणि नवी भरतो. बहुतेक वेळा भरलेली प्रत त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची असते. काही वेळा मागणी वेगळी असते. कंपनीने नव्या आवृत्त्या देणे थांबवलेल्या फोनवर लिनिएजओएससारखी स्वयंसेवकांनी घडवलेली प्रणाली हवी असते, किंवा न मागता आलेली आणि काढता न येणारी अ‍ॅप उखडून हवी असतात. आणि काही वेळा कोणी चोरीचा फोन घेऊन येतो व त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा, क्रमांक बदलून मागतो. ही तिन्ही कामे एकाच टेबलावर, एकाच वायरने, बऱ्याचदा एकाच डोंगलने होतात. कायद्याच्या दृष्टीने पहिले काम निर्धोक, दुसरे हक्काच्या कक्षेतले आणि तिसरे सरळ गुन्हा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आणि म्हणून प्रामाणिक कारागिराकडेही संशयाने पाहिले जाते. ही गोष्ट दुर्दैवी आहे. कारण या हक्काचा खरा वापर बहुतांशी त्याच्याच हातून होतो.

मालकाला आतली प्रणाली बदलावीशी का वाटते, याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण अक्षरांचे आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय नव्हती. २०१०-११ च्या सुमारास घेतलेल्या अनेक फोनांवर मराठी संकेतस्थळ उघडले की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा अक्षरे दिसली तरी जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांट्या भलत्या जागी असत. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आतल्या मांडणीत एक पर्याय चालू केला की अक्षरे चित्ररूपाने येत. पण ती सोय त्या ब्राउझरपुरती. संदेश, नावे, यादी हे सगळे मराठीत वाचायचे तर फोन ‘रूट’ करून, म्हणजे प्रणालीच्या बंद कप्प्यांत लिहिण्याची मुभा मिळवून, तिथे देवनागरी टंक बसवावा लागे. अनेकांनी तो बसवला. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० पासून देवनागरीचा आधार अधिकृतपणे मिळू लागला. तरी ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आणि हिंदीतली वळणे वेगळी आहेत, आणि फोनवर कोणती दिसावीत हे टंक निवडणारी कंपनी ठरवते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी लिपीसाठी प्रमाण ठरवून दिले. ते शाळांना आणि कचेऱ्यांना लागू झाले, परदेशी कंपनीच्या कारखान्यात भरल्या जाणाऱ्या टंकाला नाही. आपल्या भाषेचे अक्षर आपल्या फोनवर नीट दिसावे एवढ्यासाठी बंद कप्पा उघडावा लागणे, ही या हक्काची गरज सांगणारी सर्वांत साधी गोष्ट आहे.

कायद्याचा विचार मालकीपासून सुरू करावा लागतो. संगणकाच्या आज्ञावलीला भारतात १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात स्थान मिळाले आणि ती साहित्यकृतीच्या वर्गात धरली गेली. कादंबरी विकत घेतली म्हणून तिच्या प्रती छापून विकता येत नाहीत, तसेच सॉफ्टवेअरचे. पण कादंबरीची प्रत मात्र घेणाऱ्याची होते. सॉफ्टवेअर कंपन्या म्हणत आल्या की आम्ही काही विकतच नाही, केवळ वापरण्याचा परवाना देतो. या दाव्याला सर्वोच्च न्यायालयात दोनदा उत्तर मिळाले, आणि दोन्ही वेळा ते करांच्या खटल्यांतून मिळाले. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात ५ नोव्हेंबर २००४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की तबकडीवर भरून विकलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्सच्या प्रकरणात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने म्हटले की अंतिम वापरकर्त्याशी केलेल्या परवान्याच्या कराराने कॉपीराइटमधला कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही. जे हातात येते ते कॉपीराइट असलेल्या वस्तूची एक प्रत, म्हणजे विकलेला माल. दोन्ही खटल्यांत मुद्दा कराचा होता, ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा नव्हता. तरी त्यातून निघालेले तत्त्व ग्राहकाच्या फार उपयोगाचे आहे. प्रत विकली गेली असेल तर ती घेणारा नुसता पाहुणा राहत नाही.

आता ५२वे कलम. कोणत्या कृतींनी कॉपीराइटचा भंग होत नाही, याची ती यादी आहे. सॉफ्टवेअरसाठी तिच्यात चार पोटकलमे आहेत : (एए), (एबी), (एसी) आणि (एडी). पहिले १९९४ च्या दुरुस्तीने आजच्या रूपात आले, उरलेली तीन १९९९ च्या दुरुस्तीने. या चारांची भाषा काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे, कारण प्रत्येकाची अट निराळी आहे.

(एए) हे आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यासाठी आहे. ज्या कामासाठी आज्ञावली पुरवली गेली त्या कामासाठी ती वापरता यावी म्हणून तिच्या प्रती काढायला किंवा तिचे रूपांतर करायला ते परवानगी देते. शिवाय प्रत हरवली, नष्ट झाली वा बिघडली तर हाताशी असावी म्हणून राखीव प्रत काढायलाही. ‘रूपांतर’ या शब्दाची व्याख्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे, आणि कृतीची फेरमांडणी किंवा तिच्यात फेरफार करणारा वापर तिच्यात येतो. तेव्हा इथे रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. ओळ बदलणे हेही रूपांतरच. या पोटकलमात वापर घरगुती असावा की धंद्याचा, अशी कोणतीही अट नाही, आणि म्हणूनच ते कारखानदाराच्या आणि शेतकऱ्याच्या कामाचे आहे.

अंबरनाथच्या एखाद्या लहान कारखान्यात दुसऱ्या हाताने घेतलेले सीएनसी यंत्र असते. अशा अनेक यंत्रांत मांडणीचे आकडे, म्हणजे पॅरामीटर, बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेले असतात. बॅटरी संपली आणि वेळेवर बदलली नाही की आकडे पुसले जातात आणि लाखोंचे यंत्र जागच्या जागी थांबते. म्हणून जाणता ऑपरेटर त्या सगळ्याची प्रत आधीच काढून ठेवतो. ही प्रत काढणे म्हणजे काही आगळीक नाही; (एए) मधल्या राखीव प्रतीचे याहून चपखल उदाहरण सापडणार नाही. काही जपानी यंत्रांत आणखी एक व्यवस्था असते : यंत्र जागेवरून हलवले की ते स्वतःला कुलूप लावून घेते, आणि उत्पादकाचा माणूस येऊन संकेतांक देईपर्यंत चालत नाही. जपानच्या निर्यात नियंत्रणाच्या नियमांतून ही पद्धत आली. यंत्र लष्करी उपयोगासाठी भलत्या देशात जाऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण एका गाळ्यातून शेजारच्या गाळ्यात हलवलेल्या यंत्रालाही तोच नियम लागतो, आणि खोळंबा मालकाचा होतो.

(एबी) हे पोटकलम स्वतंत्रपणे बनवलेली दुसरी आज्ञावली पहिलीशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्यापुरते आहे. ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी, ही अट. (एसी) आज्ञावली कशी चालते याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याची मुभा देते, जेणेकरून तिच्यामागच्या कल्पना आणि तत्त्वे समजावीत. ही दोन पोटकलमे अभ्यासकांची वाटतात, पण त्यांचा उपयोग सर्वसामान्यांना कसा होतो हे फोक्सवॅगनच्या प्रकरणाने दाखवले. त्या कंपनीच्या डिझेल मोटारींतले सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर कमी करत असे. रस्त्यावर ते पुन्हा सैल पडे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धावत्या गाडीवर उपकरणे लावून मोजमाप केले तेव्हा हा फरक दिसला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण जगासमोर आले. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, चाचण्या केल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. लाखो मालक एक गोष्ट विकत घेऊन दुसरीच चालवत होते, आणि आत काय लिहिले आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच पाहता येत नव्हते. बंद सॉफ्टवेअरची तपासणी करण्याचा हक्क हा म्हणून केवळ हौशी मंडळींचा विषय नाही. तो श्वासाचाही विषय आहे.

(एडी) हे चौथे पोटकलम सर्वांत छोटे आणि सर्वांत उदार आहे. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी, आज्ञावलीच्या प्रती काढणे किंवा तिचे रूपांतर करणे हा भंग नाही, एवढेच ते सांगते. मूळ कामासाठीच बदल करावा, असे बंधनही इथे नाही. जुन्या फोनचा घरातला सुरक्षा कॅमेरा करायचा, राउटरमध्ये दुसरी प्रणाली भरायची, गाणी ऐकण्याच्या यंत्रावर मराठी यादी दिसेल अशी सोय करायची, हे सर्व यात बसते. इतक्या मोकळ्या शब्दांतली तरतूद असणे ही भारतीय कायद्याची मोठी जमेची बाजू आहे, आणि तिची चर्चा जवळपास होतच नाही, याची खंत वाटते.

हक्क असला तरी वाटेत कुलूप असते. उत्पादक प्रणालीवर डिजिटल सही करतो आणि फोन सुरू होताना बूटलोडर नावाचा पहिला टप्पा ती सही तपासतो. सही जुळली नाही तर फोन पुढे जात नाही. असे कुलूप तोडणे गुन्हा आहे का? याचे उत्तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या ६५-ए कलमात आहे. कॉपीराइटचे हक्क जपण्यासाठी लावलेले परिणामकारक तांत्रिक कुलूप, ते हक्क भंग करण्याच्या हेतूने जो तोडील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सारा भर हेतूवर आहे. ५२व्या कलमाने मोकळ्या ठेवलेल्या कामासाठी कुलूप तोडले तर भंगाचा हेतूच नसतो. शिवाय पुढचे उपकलम स्पष्टच म्हणते की या कायद्याने जे काम मना केलेले नाही त्यासाठी कुलूप तोडण्यास बाध नाही.

अमेरिकेचा कायदा याच्या उलट दिशेने गेला. तिथल्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडणे मुळातच मना आहे, हेतू कोणताही असो. आणि ते तोडणारी साधने पुरवणेही मना. मग दर तीन वर्षांनी तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाचे प्रमुख काही सवलती जाहीर करतात. फोनची प्रणाली मोकळी करण्याची सवलत जुलै २०१० मध्ये मिळाली. दुसऱ्या सेवाकंपनीसाठी फोन उघडण्याची सवलत जानेवारी २०१३ मध्ये संपली आणि लोकांच्या रेट्यामुळे २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करून परत आणावी लागली. मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्यासाठीची सवलत २०१५ मध्ये आली. ट्रॅक्टरचा वाद तिथे सर्वांत कडवा झाला. पुण्याजवळ सणसवाडीला कारखाना असलेल्या जॉन डीअर कंपनीवर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा आक्षेप असा की सुटा भाग बदलला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला मान्यता दिल्याशिवाय यंत्र काम करत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर कंपनीविरुद्ध दावा लावला. भारताने १९९६ चा जागतिक कॉपीराइट करार २०१८ मध्ये स्वीकारला. पण आपल्या कायद्यातली हेतूची अट त्यापूर्वीच लिहिलेली होती आणि ती तशीच राहिली. ती लिहिणाऱ्यांनी भारतीय मालकावर मोठे उपकार केले आहेत.

६५-ए मध्ये एक अट मात्र टपरीवाल्याला थेट लागू पडते. कायदेशीर कामासाठी का होईना, दुसऱ्याला कुलूप तोडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा सारा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे उल्हासनगरच्या एखाद्या गाळ्यात ग्राहकाचा फोन मोकळा करून देणाऱ्याकडे वही हवी. अशी वही असेल तर चोरीच्या फोनाचा संशय दूर होतो आणि कारागिराचा बचाव भक्कम होतो. पण ही तरतूद ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत ती कोणी पोचवलेली नाही. आणखी एक गाठ आहे. (एडी) बिगरव्यापारी वैयक्तिक वापराबद्दल बोलते. ग्राहकाचा वापर तसा असला तरी बदल करून देणारा पैसे घेतो. त्याचे काम कोणत्या बाजूला मोडते, हे कलमात लिहिलेले नाही. सुताराने पैसे घेतले म्हणून घर सुताराचे होत नाही, त्याच न्यायाने वापर ग्राहकाचाच धरला जावा, हे वाजवी वाटते. पण जे वाजवी ते कायद्यात शब्दांनी लिहिलेले असणे बरे.

हक्काच्या सीमा दोन ठिकाणी अगदी पक्क्या आहेत. पहिली सीमा ओळखक्रमांकाची. प्रत्येक फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक हा मालकाच्या मर्जीचा विषय नाही. दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे दूरसंचार ओळखचिन्हात फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कडकपणाला इतिहास आहे. स्वस्त आयात फोनांत खरा क्रमांक नसायचा किंवा एकच क्रमांक हजारो फोनांत असायचा. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर हा प्रश्न सुरक्षेचा झाला. ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे फोन जाळ्यावरून काढून टाकण्याचे सरकारने ठरवले. त्याआधी मात्र एक समंजस पाऊल उचलले गेले : ठरावीक शुल्क घेऊन अशा फोनांत अस्सल क्रमांक बसवून देण्याची अधिकृत योजना सेवाकंपन्यांच्या संघटनेमार्फत राबवली गेली. गरिबाने घेतलेला फोन कचऱ्यात न जाता कायदेशीर झाला. फोनच्या आत फेरफार करणे हे आपोआप गुन्हेगारी नसते, हे तेव्हा शासनानेच मान्य केले होते.

याच संदर्भात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा २९ जुलै २००५ चा निकाल वारंवार सांगितला जातो. रिलायन्स इन्फोकॉम, जिचे मुख्यालय नवी मुंबईत होते, सीडीएमए तंत्राचे फोन सेवेच्या बांधील करारासह स्वस्तात देत असे. ते फोन फक्त तिच्याच जाळ्यावर चालत. प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसांनी त्या फोनांतला इलेक्ट्रॉनिक क्रमांक बदलून ते आपल्या जाळ्यावर चालवले, असा आरोप होता. न्यायालयाने म्हटले की मोबाइल फोन हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अर्थाने संगणक आहे, आणि त्यातला क्रमांक बदलणे हे त्या कायद्याच्या ६५व्या कलमाखालचे फेरफार ठरू शकते. म्हणून त्या कलमाखालचा तपास रद्द करता येणार नाही. निकालाचा हा टप्पा प्राथमिक होता, आणि वाद दोन कंपन्यांमधला होता. ज्याच्या खिशात तो फोन होता त्या ग्राहकाच्या ५२व्या कलमाखालच्या हक्काचा विचार त्या वादाच्या केंद्रस्थानी नव्हता. एवढ्या निकालावरून फोनमधला कोणताही बदल गुन्हा आहे असे सांगणे चुकीचे आहे. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३वे कलम मालकाच्या परवानगीवाचून केलेल्या शिरकावाबद्दल आहे. स्वतःच्या यंत्राला मालकाची परवानगी असतेच.

दुसरी सीमा वाहनांची. योगायोगाने तिथेही कलम ५२वेच, पण मोटार वाहन कायद्याचे. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम कडकपणे वाचला. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी त्याच्या नियंत्रक संगणकातले आकडे बदलणे, ज्याला गॅरेजवाले रीमॅपिंग म्हणतात, याच कारणाने धोक्याचे आहे, आणि धुराच्या प्रमाणाच्या दृष्टीने तर अनिष्टच. रस्ता सर्वांचा असतो आणि हवाही. इथे मालकाच्या हक्काला आवर घालणे योग्यच आहे.

आता या विषयातली सर्वांत मोठी उणीव. कायदा मालकाला बदल करू देतो, पण बदल शक्य करून देण्याचे कर्तव्य विकणाऱ्यावर टाकत नाही. कुलूप तोडता आले तर तोडा, असा तो मामला आहे. किल्ली मागण्याचा हक्क नाही. किल्लीचा आग्रह कायद्याने नव्हे, तर मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने धरला. तिचा परवाना, जीएनयू जीपीएल, याच्या २९ जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत अशी अट आहे की ग्राहकोपयोगी यंत्रात त्या परवान्याचे सॉफ्टवेअर घातले, तर बदललेली आवृत्ती त्या यंत्रात बसवण्यासाठी लागणारी माहिती आणि किल्ल्याही ग्राहकाला द्याव्यात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. यांनी भारतातल्या या चळवळीचे नेतृत्व अनेक वर्षे केले. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्सचा गाभा मात्र जुन्या, दुसऱ्या आवृत्तीखालीच राहिला. तिथे मूळ आज्ञावली मागता येते, किल्ली मागता येत नाही.

स्पर्धा कायद्याने या उणिवेचा काही भाग भरून काढला. मोटार कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोष शोधण्याची सॉफ्टवेअर साधने फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच देतात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात टाटा मोटर्स आणि महिंद्र याही होत्या. स्वतंत्र गॅरेजना ही साधने मिळाली पाहिजेत, असा आदेश झाला. दंडाचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले, पण आधुनिक गाडीच्या दुरुस्तीत पान्याइतकेच सॉफ्टवेअर लागते हे त्या निकालाने नोंदवून ठेवले. २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना अँड्रॉइडच्या बदललेल्या आवृत्त्या विकू न देणारे करार गैर ठरवले, आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप ग्राहकाला काढता आली पाहिजेत असेही सांगितले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले, आणि अ‍ॅप काढण्याचा निर्देश त्या चारांतच होता. ग्राहकाच्या हाताला थेट लागणारी गोष्ट तेवढी निसटली.

उरतो ग्राहक कायदा. बूटलोडर मोकळा केला तर वॉरंटी जाईल, आज्ञावली उलगडून पाहू नये, अशा अटी लांबलचक करारनाम्यांत असतात, आणि ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय फोन सुरूच होत नाही. युरोपीय संघाच्या संगणक आज्ञावलीविषयक निर्देशात राखीव प्रत, निरीक्षण आणि जुळवणीचे हक्क करारानेही काढून घेता येत नाहीत; तशा अटी शून्यवत मानल्या जातात. भारताच्या ५२व्या कलमात असे वाक्य नाही, आणि ते असायला हवे. तोवर आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ‘अनुचित करारा’च्या संकल्पनेचा आहे. ग्राहकाच्या हक्कांत त्याच्या तोट्याचा मोठा बदल करणाऱ्या एकतर्फी अटींविरुद्ध त्याखाली राज्य आयोगापुढे दाद मागता येते, आणि महाराष्ट्रासाठी तो मुंबईत आहे. एखादी विशिष्ट अट अनुचित आहे की नाही, हे त्या त्या प्रकरणात ठरेल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने हे चार विभाग तिच्यापुढे होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांच्या पुस्तिका, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू झाले. नंतर वस्तू किती दुरुस्त करता येण्याजोगी आहे याचा निर्देशांक सुचवण्यासाठी दुसरी समिती झाली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. उकलण्याची सोय, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, साधने यांच्याबरोबर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या किती काळ मिळतील, हाही त्यातला एक निकष आहे. तो निकष कंपनीच्या आवृत्त्यांबद्दल आहे. त्या मिळणे थांबल्यावर मालकाला स्वतःची आवृत्ती भरता यावी म्हणून बूटलोडरची किल्ली त्याच्या हाती द्यावी, ही मागणी अजून भारतातल्या कोणत्याही नियमात आलेली नाही.